माझ्या वतीनं बोलणारा माणूस

४ फेब्रुवारी

मणक्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, रोज दुखणं लिहून ठेवा. कुठं, किती, कशानं वाढतं. हिनं लगेच निळ्या पुठ्ठ्याची वही आणून दिली. दुखण्यात लिहिण्यासारखं काय असतं? एकदाच लिहून मोकळा होतो. कंबर: नेहमीचं. उजवा पाय: नेहमीचा. संपलं.

लिहायचं आहे ते दुसरंच. सैनिक कल्याण मंडळाचं उत्तर आलं. माझा अपंगत्वाचा दावा नामंजूर. कारण काय, तर 'तपासणीत हालचाली सुरळीत आढळल्या.' वाचून शिसारी आली. मी तपासणीत काय कमी केलं होतं? दाढी घोटून केली. पँटला हिची कडक इस्त्री. बुटात तोंड दिसत होतं. (बूट हिनं चढवले, नाड्याही तिनंच बांधल्या, उशीर होत होता म्हणून.) काठी दाराबाहेर हिच्याकडे दिली. डॉक्टर आत आले तसा ताडकन उभा राहिलो. त्यांनी विचारलं, कसं काय? म्हटलं, ठीक आहे, साहेब. वाका म्हणाले, वाकलो. आणखी वाका म्हणाले, आणखी वाकलो. तोंडातून हूं की चूं नाही. इतक्या शिस्तीत तपासणी दिली आणि हे नामंजूर करतात! तिथं लंगडत, रडत आलेल्यांना मात्र देतात म्हणे.

बाहेर आल्यावर व्हरांड्यातल्या बाकावर बराच वेळ आडवं पडावं लागलं, ते वेगळं.

दावा मंजूर झाला तरच लष्करी इस्पितळात शस्त्रक्रिया होणार, आणि बाहेर करणं आपल्या आवाक्यातलं नाही. डॉक्टर म्हणतात, उशीर केलात तर पाऊल लुळं पडेल, आणि मग ते परत येणार नाही. अपील करता येतं. पण नियम असा की अपिलात प्रतिनिधी नेमावाच लागतो. तो आपल्या वतीनं बोलणार. एका दाव्याला एकच माणूस, आणि नाव महिनाअखेरीपर्यंत द्यायचं.

माझ्या वतीनं दुसरं कुणी बोलणार. मला काय तोंड नाही?

७ फेब्रुवारी

मेहुणा आला. जगातला प्रत्येक माणूस त्याच्या ओळखीचा असतो. म्हणाला, "भावजी, माझ्या माहितीतला एक एजंट आहे. हेच काम करतो. मेलेल्या माणसालासुद्धा अपंगत्व मिळवून देईल."

ही म्हणाली, "मेलेल्याला कशाला? जिवंत आहेत तोवर बघ."

कंबर: नेहमीचं.

९ फेब्रुवारी

एजंटाकडे जाऊन आलो. आंघोळ करूनही अंगावरचा वास गेला नाही.

बाजारात, मटणाच्या दुकानाच्या माडीवर ऑफिस. पायाखाली गालिचा, तो कधीतरी भिजला असावा आणि वाळवायचं कुणाला सुचलं नसावं. एजंट दातात काडी घालून बोलतो. मधेच काडी काढून तिच्या टोकाला काय लागलं ते बघतो आणि परत आत घालतो. मंजूर झालं तर मागच्या थकबाकीतला निम्मा वाटा त्याचा. मग म्हणाला, "काका, तुमचं चालणं बघू जरा."

मागच्या खोलीत नेलं. तिथं आमच्यासारखेच पाचसहा जण भिंतीकडेनं लंगडत फेऱ्या मारत होते. एक माणूस टाळ्या वाजवत त्यांना शिकवत होता. "ओ, तुम्ही! जाताना डावा होता, येताना उजवा कसा झाला? ठरवा एकदा काय ते!" सगळे हसले, लंगडत लंगडत. त्यात एकाच्या छातीवर पदकाची फीत होती. सराव करताना लावलीच पाहिजे असं होतं का?

मला चालायला लावलं. मी चाललो. चालतो तसाच, पाऊल थोडं आपटतं तेवढं. शिकवणाऱ्यानं मान हलवली. "नाही हो. हे खरं वाटत नाही. पाऊल असं फट्कन पडतं का कुणाचं? नाटकी वाटतं."

एजंट म्हणाला, "काका, तुम्ही आपले कंबरेचंच धरा. पायाचं तुम्हाला जमायचं नाही."

ही जिन्यात इतकी हसली की कठडा धरून उभी राहिली. मला ओकारी येत होती, आणि हिला हसू सुचत होतं.

१२ फेब्रुवारी

उजव्या तळव्याला फोड आलाय, लिंबाएवढा. गरम पाण्याची पिशवी पायाखाली राहिली होती. हिनं मोजा काढताना पाहिला आणि ओरडली. "अहो, भाजलं तरी कळलं नाही तुम्हाला?" म्हटलं, पेपर वाचत होतो, लक्ष नव्हतं. ही मलम लावत बसली. मलमाला कुजक्या फळासारखा वास येतो. त्या पायाकडे मी बघितलं नाही. परक्या माणसाचा पाय हिच्या मांडीवर ठेवल्यासारखा वाटत होता.

१५ फेब्रुवारी

माजी सैनिकांच्या संघटनेकडून एक बाई असं काम फुकट करतात, असं हिला कुणीतरी सांगितलं. आज नेलंन् मला. दुसरा मजला, लिफ्ट नाही. अपंगांसाठीचं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर, ज्यानं जागा निवडली त्याला पदक द्यायला हवं.

बाई जिन्याच्या वरच्या टोकाला उभ्या राहून आम्हाला येताना बघत होत्या. पन्नाशीच्या, चष्मा दोरीला बांधलेला. पहिलाच प्रश्न, "कितीदा थांबलात?"

मी म्हटलं, "थांबलो नाही."

ही म्हणाली, "प्रत्येक वळणावर."

तेव्हापासून बाईंनी मला विचारणंच सोडलं. सगळे प्रश्न हिला. समोर चहाचा कप, त्यात बिस्किट बुडवायचं, ते अर्धं तुटून आत पडायचं, मग पेनच्या टोपणानं ते बाहेर काढून खायचं. त्याच टोपणानं कान खाजवायचा. फायलींवर चुरा. मी मनात त्यांचं नाव बिस्किटबाई ठेवलं.

आधी काय करत होतात, असं मी विचारलं. म्हणाल्या, "विमा कंपनीत होते. लोकांचे दावे नाकारायचं काम. माणूस कुठल्या वाक्यावर पडतो ते मला बरोबर ठाऊक आहे. मीच पाडायचे."

जिनं आयुष्यभर लोकांच्या ताटातलं ओढलं, ती आता वाढायला बसली. म्हटलं, छान!

मग म्हणाल्या, "अपघात झाला त्या दिवशी दवाखान्यात नोंद केली होतीत?"

"नाही."

"का?"

काय सांगणार? आमच्या तुकडीत आजारी माणसांची सकाळी वेगळी रांग लागायची, आणि त्या रांगेत उभं राहणाऱ्याला 'बाळंतीण' म्हणायचे. त्याच्या ताटलीसाठी कुणीतरी मुद्दाम डिंक नाहीतर तूप मागायचं. मी गेलो नाही. मला तुकडीत खांब म्हणायचे. खांब रांगेत उभा राहत नाही. रसद घेऊन जाणारी माझी गाडी उतारावरून नाल्यात गेली, मी स्टिअरिंगखाली अडकलो, ओढून काढला, आणि दुसऱ्या दिवशी दुसरी गाडी चालवत निघालो. तेव्हाच्या कॅप्टनसाहेबांनी पाठ थोपटली होती. ती थाप अजून आठवते. जिथं थोपटली तिथंच लागलं होतं.

बाईंना एवढंच म्हटलं, "आमच्यात जात नसत."

त्यांनी मान डोलावली आणि हिच्याकडे वळून, आवाज जराही खाली न आणता विचारलं, "संडासला बसता-उठता येतं का यांना? मागचं स्वच्छ करायला वाकता येतं, की तुम्ही करता?"

मी उठलो. उठलो म्हणजे टेबलाला धरून उठलो, ते डळमळलं आणि चहा फायलींवर सांडला. बरं झालं. जिन्यानं खाली आलो. ही मागे राहिली होती. काय बोलत होती देव जाणे. घरी येईपर्यंत मी तिच्याशी बोललो नाही, आणि तिनंही मनधरणी केली नाही.

असली माणसं माझ्या वतीनं बोलणार!

१८ फेब्रुवारी

शेवटी सुचलं. मेजरसाहेब! तेव्हाचे कॅप्टन, आता निवृत्त मेजर. गावाबाहेर बंगला आहे. फोन केला तर स्वतः उचलला. "कोण, खांब? अरे, ये की! यात एजंट न् फिजंट कशाला? मी होतो तुझा प्रतिनिधी. माझ्या शब्दावर देतील."

डोळ्यांत पाणी आलं. माणसं अजून आहेत.

२० फेब्रुवारी

बंगल्यावर गेलो. ही बरोबर. हिरवळ, कुंड्या, दोन मोठे कुत्रे. कुत्रे टेबलावर पुढचे पाय ठेवून बशीतलं चाटत होते. साहेब म्हणाले, "असू दे, घरचेच आहेत." नोकरानं तीच बशी फडक्यानं पुसली, त्यात केक घातला आणि आमच्यापुढं ठेवली. हिनं हात लावला नाही. मी खाल्ला. साहेबांनी दिलेलं टाकायचं कसं?

साहेब म्हणाले, "त्या जुन्या अपघाताचं कशाला उकरत बसायचं? वयोमानानं कंबर गेली असं लिहू. सभ्यपणे. भांडण नको, चौकशा नकोत. मंडळातले दोघे माझ्या क्लबातले आहेत."

म्हटलं, "साहेब म्हणतील तसं."

मग म्हणाले, "खांब, हात लाव जरा. ही कुंडी तिकडं सावलीत घ्यायची आहे."

सिमेंटची कुंडी, आत मातीसकट झाड. नोकर पुढे आला तर साहेबांनी त्याला थांबवलं. "तू राहू दे. आमचा खांब बघ." ही म्हणाली, "अहो." मी ऐकलं नाही. उचलली. सावलीत नेऊन ठेवली. साहेबांनी टाळी वाजवली. "बघ! तसाच आहेस अजून. काय झालंय तुला!"

भाड्याच्या गाडीत बसताना हिनं आणि ड्रायव्हरनं मला आडवा आत सरकवला, सतरंजी सरकवतात तसा.

साहेबांची चूक नाही. कुंडीच जड होती.

२१ फेब्रुवारी

पडून.

२३ फेब्रुवारी

पडून. भांडं हिनं दिलं, हिनंच नेलं. लिहायला काही नाही. माझी मलाच किळस येते, ती काय लिहायची.

बिस्किटबाईंचा हिला फोन आला. ही दाराआड बोलत होती. नंतर मला म्हणाली, "बाई म्हणतात, 'वयोमानानं' हा शब्द लिहिला की दावा संपला. नोकरीत झालेल्या दुखापतीलाच मिळतं. म्हातारपणाला नाही."

म्हटलं, "साहेबांना हे ठाऊक नसेल."

ही माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "ते मेजर झाले. त्यांना ठाऊक नसेल."

असं तिरकं बोलते. सरळ बोलायला काय होतं?

२५ फेब्रुवारी

साहेब स्वतः घरी आले! सफरचंदं घेऊन. पलंगाच्या कडेला बसले तर गादी कलली आणि कळ पार डोक्यापर्यंत गेली, पण मी काही दाखवलं नाही. हिनं चहा आणला.

मी धीर करून विचारलं, "साहेब, ते वयोमानाचं. अपघात लिहिला तर?"

साहेब हसले. "खांब, तो अपघात किरकोळ होता रे. मी तेव्हा तसंच कळवलं होतं वरती. आता तू मोठा होता म्हणालास तर मी खोटा ठरतो. आणि खरं सांग, त्या दिवशी कुणाला काय झालं होतं?"

म्हटलं, "शिट्टी होता ना, साहेब."

"कोण शिट्टी?"

मला वाटलं, थट्टा करताहेत. शिट्टी माझा जोडीदार. माझ्या शेजारच्या सीटवर बसून सबंध रस्ताभर शिट्टी वाजवायचा, म्हणून शिट्टी. दिवे न लावता गाडी न्यायचा हुकूम होता आणि त्यानं पाय बाहेर काढून, फुटबोर्डावर उभं राहून मला कडा सांगितली होती. गाडी गेली तेव्हा त्याचा हात दाराखाली आला. साहेब स्वतः टॉर्च घेऊन उभे होते. शिट्टीचा पंजा त्यांच्या बुटाजवळ पडला होता.

म्हटलं, "शिट्टी, साहेब. पंजा गेला तो."

"हां, हां! तो. तो तसाही बेशिस्तच होता." साहेबांनी सफरचंद उचललं आणि रुमालाला पुसून खायला लागले. आम्हाला आणलेलं.

त्यांच्या हनुवटीवरून रस ओघळत होता. मी तेवढंच बघत राहिलो. मला वाटलं आता ओकणार, आणि आडवा माणूस ओकला तर अंगावरच पडतं, म्हणून दात आवळून धरले. साहेबांना वाटलं कळ आली. म्हणाले, "आराम कर. कागद पाठवतो सहीला."

ते गेल्यावर हिनं उरलेली सफरचंदं उचलली. टाकते का ठेवते ते मी विचारलं नाही.

थोड्या वेळानं मी हिला म्हटलं, "त्या बाईंना बोलाव."

"कोणत्या बाईंना?" मुद्दाम विचारलं तिनं.

"बिस्किटवाल्या."

२६ फेब्रुवारी

बाई घरी आल्या. पिशवीतून स्वतःचा पुडा काढला आणि माझ्याच पलंगावर चुरा सांडला. अधिकारपत्र पुढे केलं. सही करण्यापूर्वी मी म्हटलं, "एक अट आहे. मी लंगडणार नाही."

"मी कुठं म्हटलं लंगडा? माझी एकच अट आहे. 'ठीक आहे, साहेब' म्हणायचं नाही."

"मग काय म्हणायचं?"

"जे असेल ते."

"आणि ते तसले प्रश्न हिला विचारायचे नाहीत."

"ते मात्र विचारणार," बाई म्हणाल्या. "तुम्ही खरं सांगायला लागाल त्या दिवशी बंद करीन."

या बाईचा मला मनापासून तिटकारा आहे. सही केली. आडव्यानंच केली, त्यामुळे वाकडी आली.

जाताना म्हणाल्या, "दुखण्याची वही ठेवता ना? ती द्या, पुरावा म्हणून लावते."

"नाही देणार."

"का?"

"त्यात तुमच्याबद्दल लिहिलंय."

पहिल्यांदाच हसल्या. दातात बिस्किट होतं.

१४ मार्च

बाईंनी शिट्टीला शोधून काढलं. जिवंत आहे! किराणा दुकान चालवतो. त्याचा दावा फार वर्षांपूर्वीच मंजूर झाला होता आणि त्यात अपघात सगळा आलाय. गाडी, उतार, दिवे बंद. म्हणजे अपघात मोठा होता हे मंडळानंच कधीचं मान्य केलंय. शिट्टीनं माझ्यासाठी लिहून दिलंय की, 'खांबाला ओढून काढला तेव्हा त्याला पायावर उभं राहता येत नव्हतं. दोघांनी धरून उभा केला. कॅप्टन आले तसं त्यानं दोघांचे हात झटकले.'

असं काही झाल्याचं मला आठवत नाही. पण शिट्टी खोटं लिहायचा नाही.

फोनवर बोललो त्याच्याशी. शेवटी म्हणाला, "तू बाळंतीण व्हायला हवं होतंस रे, खांब." मी म्हटलं, "तुला डिंक कुठं परवडला असता?" मग दोघंही हसलो, आणि त्यानं फोन ठेवला.

मेजरसाहेबांचा फोन येतो. हीच उचलते आणि सांगते, "झोपलेत." दिवसाढवळ्या.

२ एप्रिल

आज सुनावणी झाली. आडवं पडूनच लिहितोय, अक्षर लागलं तर लागलं.

लांब टेबल, पलीकडे तिघं. अध्यक्ष, कोपऱ्यात एक पांढऱ्या मिशांचे गृहस्थ, आणि तिसरे तेच माझी तपासणी केलेले डॉक्टर. आम्ही आधीच बसलो होतो. ते आत आले आणि मी उभा राहिलो. बाईंनी हजारदा बजावलं होतं, घाई करू नका. पण आपण काय ठरवून उभे राहतो का? वरिष्ठ आला की पाय आपले आपण उठतात. कमरेत काहीतरी फाटल्यासारखं झालं.

अध्यक्ष बसले. सगळे बसले. मी उभा.

"बसा," अध्यक्ष म्हणाले.

मला बसता येईना. खाली जायचं म्हटलं की सगळं जागच्या जागी गोठत होतं. बाईंनी बघितलं. मला वाटलं काही बोलतील, वेळ मारून नेतील. प्रतिनिधी कशासाठी असतो? त्या शांतपणे कागद चाळत राहिल्या. ही माझ्याकडे यायला उठली तर तिचं मनगट बाईंनी टेबलाखाली धरून ठेवलं. मी पाहिलं ते. सगळ्यांसमोर मला टांगून ठेवलं. घाम कानामागून कॉलरमध्ये जात होता. खोलीत पंखा फिरत होता आणि सगळे माझ्याकडे बघत होते. त्यांच्या जागी मी असतो तर मलाही किळस आली असती.

"बसा ना," अध्यक्ष पुन्हा म्हणाले.

"उभाच बरा आहे, साहेब."

तेव्हा बाईंनी मान वर केली. म्हणाल्या, "का बरं?"

नुसतं तेवढंच. का बरं. मी त्या बाईकडे असं बघितलं की दुसरी कुणी असती तर जळून गेली असती. तिनं डोळे हलवले नाहीत.

मी म्हटलं, "बसता येत नाही. बसायला आणि उठायला हिचा हात लागतो."

डॉक्टर पुढं झुकले. आवाज चढवून म्हणाले, "पण माझ्यासमोर तुम्ही स्वतः उठलात. वाकलात. दोनदा वाकलात. तेव्हा काही दुखत नव्हतं?"

"दुखत होतं, साहेब."

"मग तसं का नाही सांगितलं?"

"साहेब, तुम्ही समोर होतात."

डॉक्टर अध्यक्षांकडे बघायला लागले, याचा अर्थ काय म्हणून. कोपऱ्यातले मिशीवाले गृहस्थ मात्र टेबलावरच्या पेनशी खेळत होते, ते थांबले. "कुठल्या तुकडीत होतात?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. ते डॉक्टरांना हळू म्हणाले, "तुम्हाला कळायचं नाही हे. लिहून घ्या." मग उठले, टेबलाला वळसा घालून आले आणि एका बाजूनं मला धरलं. दुसऱ्या बाजूनं ही. दोघांनी मिळून मला खाली बसवलं.

नंतर शिट्टीचं लिहिलेलं वाचलं, डॉक्टरांनी माझा तळवा सुईनं टोचून बघितला. टोचताहेत हे मला ते बोलल्यावर कळलं.

बाहेर आल्यावर बाईंनी माझ्यापुढं बिस्किटाचा पुडा धरला. मी म्हटलं, "तुम्ही मला तिथं उभं ठेवलंत."

"हो."

"मुद्दाम."

"हो. मी बोलले असते तर त्यांनी माझं ऐकलं असतं. तुमचं ऐकायला हवं होतं."

"दुष्ट बाई आहात तुम्ही."

"घ्या एक," बाई म्हणाल्या.

घेतलं नाही.

६ एप्रिल

प्रतिनिधी बदलता येतो का, असं हिला विचारलं. आता पुढचं बोलणं कुणा सभ्य माणसानं करावं. ही म्हणाली, "येतो की. मेजर आहेत. काडीवाला आहे."



१७ एप्रिल

निकाल आला. मंजूर.

बाईंनी स्वतः आणून दिला. दारातूनच गेल्या, दुसऱ्या कुणाचं तरी काम होतं म्हणे. इस्पितळात पुढच्या आठवड्यात दाखल व्हायचं. डॉक्टरांनी हिला फोनवर सांगितलं की पाऊल बहुतेक वाचेल. संवेदना किती परत येईल ते सांगता येत नाही.

आनंद व्हायला हवा होता. पण सोबत निष्कर्षांचं पान आहे, त्याखाली 'मला मान्य आहे' म्हणून माझी सही हवी. मंडळानं मला अगदी उघडा करून मांडलंय. 'उजव्या पावलात संवेदना नाही. कंबरेतून वाकता येत नाही.' एकेक ओळ वाचताना तोंड कडू होत होतं. असल्या माणसाला मी तरी तुकडीत घेतला नसता.

ही हात पुसत आली. म्हणाली, "मोठ्यानं वाचा."

वाचलं. ती प्रत्येक ओळीला मान डोलावत होती, वाणसामानाची यादी तपासावी तशी. शेवटची ओळ अशी होती: 'दैनंदिन हालचालींसाठी अधूनमधून दुसऱ्या व्यक्तीची मदत लागते.'

"अधूनमधून?" ही म्हणाली.

"असं लिहिलंय."

"अधूनमधून म्हणे! सकाळी पलंगावरून कोण उठवतं? मोजे कोण घालतं? न्हाणीघरात कोण उभं असतं साबण हातात घेऊन? मी काय या घरात अधूनमधून येते? पाहुणी आहे मी? त्या बाईंना फोन लावा, म्हणावं माझ्या वतीनं पण अपील करा!"

आणि हसायला लागली. भिंतीला टेकून, पदर तोंडावर धरून हसत होती. मीही हसलो. मग लक्षात आलं की माझं हसू संपलं तरी तिचं थांबत नाही. आणि ते आता हसू राहिलेलं नाही. पदराआड खांदे हलत होते. इतक्या वर्षांत मी तिला असं पाहिलं नव्हतं, किंवा ती माझ्यासमोर अशी कधी उभी राहिली नव्हती.

मला कळेना काय करावं. उठून तिच्याजवळ जावं, तर उठायलाही तीच हवी.

जरा वेळानं म्हटलं, "अगं, जरा हात दे."

"काय हवंय?" तिनं पदरामागून विचारलं. "पाणी?"

"काही नको. तुझ्याजवळ यायचंय."

तिनं नाक पुसलं. आली, नेहमीसारखा एक हात काखेत घातला, एक पाठीमागे. मला उभा केला. मी तिचे हात झटकले नाहीत. दोघं तसेच उभे राहिलो.

सही मग उभ्यानंच केली.